नेटवर्कच्या पहिल्या परीक्षेचा अभ्यास कसा करावा?



शालान्त परीक्षा संपली म्हणजे 'आतां पुढें काय?' हा प्रश्न घेऊन आमच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांची दरवर्षीं शाळेकडे फेरी होते. कोणाचें महाविद्यालयांत जावयाचें ठरलेलें असतें, तर कोणास लवकर मिळवतें होऊन घरचा भार उचलावयाचा असतो. या दुसऱ्या वर्गांतील मुलें अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारूं लागलीं आहेत : "सर, नेटवर्कची परीक्षा दिली तर काम मिळेल काय? आणि तिचा अभ्यास आमच्यासारख्या मराठी माध्यमांतून आलेल्यांस झेपेल काय?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें आमच्या हातीं नाहीं, नोकरी ही परीक्षेखेरीज इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते. दुसऱ्या प्रश्नास मात्र 'होय, झेपेल' असें उत्तर आम्हीं स्वानुभवानें देऊं शकतों. कारण चाळिशी उलटल्यावर, शाळेची संगणक-प्रयोगशाळा आमच्याकडे सोंपविण्यांत आली तेव्हां, आम्हीं स्वतः ही परीक्षा दिली. पहिल्या वेळीं आम्हीं नापास झालों व दुसऱ्या वेळीं उत्तीर्ण झालों. या दोन वेळांच्या दरम्यान आम्हांस जें समजलें, तें तुमच्यापुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

परीक्षेचें स्वरूप

संगणक एकमेकांस जोडून त्यांच्यामध्यें निरोपांची देवघेव घडवून आणणारी जी व्यवस्था, तिला नेटवर्क म्हणतात; मराठींत आपण तिला जाळें म्हणूं. अशा असंख्य लहानमोठ्या जाळ्यांचें मिळून जें महाजाळें झालें आहे, तेंच इंटरनेट. १९८३ च्या १ जानेवारीस अमेरिकेंतील आर्पानेट या जाळ्यानें टीसीपी-आयपी ही नियमावली स्वीकारली, आणि त्याच नियमावलीवर आजचें इंटरनेट उभें आहे. आपल्या देशांत सामान्य नागरिकांस तें १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागलें. ही व्यवस्था उभारणें, चालू ठेवणें व बिघडल्यास दुरुस्त करणें, हें काम करणाऱ्या नवख्या माणसाची पारख करण्यासाठीं कांहीं परीक्षा निघाल्या आहेत.

त्यांतील सिस्को कंपनीची 'सीसीएनए' ही परीक्षा फार प्रसिद्ध आहे. परंतु तिचा भर त्या कंपनीच्या उपकरणांवर असून नवख्यास ती थोडी जड जाते. आम्हीं येथें जिच्याविषयीं लिहीत आहों, ती 'कॉम्पटिया' या अमेरिकन संस्थेची 'नेटवर्क प्लस' ही परीक्षा होय. ती कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशीं बांधलेली नाहीं. तिची 'एन-१०-००९' ही आवृत्ति जून २०२४ मध्यें निघाली. वेळ ९० मिनिटें, प्रश्न जास्तींत जास्त ९०. बहुतेक प्रश्न पर्यायांतून निवड करण्याचे असतात. पण कांहीं प्रश्न 'करून दाखवा' या जातीचे असतात. त्यांत पडद्यावर जाळ्याचा नकाशा दिसतो आणि आपणांस उपकरणें योग्य जागीं मांडावीं लागतात, किंवा बिघाड शोधावा लागतो. गुण १०० ते ९०० या मापावर दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यास ७२० लागतात. हें माप शेकडेवारीचें नव्हे, म्हणून 'अमुक इतके प्रश्न बरोबर आले म्हणजे पुरे' असा हिशेब करीत बसूं नये. परीक्षेस बसण्यास पदवीची अट नाहीं. मात्र नऊ ते बारा महिन्यांचा कामाचा अनुभव असावा, असें संस्था सुचविते. प्रमाणपत्र तीन वर्षें चालतें, आणि पुढें त्याचें नूतनीकरण करावें लागतें.

अभ्यासक्रमाचे भाग पांच : जाळ्याच्या मूलभूत कल्पना शेकडा २३, उभारणी २०, देखभाल १९, सुरक्षितता १४ आणि दोषशोधन २४. या आंकड्यांकडे नीट पाहा. सर्वांत मोठा वाटा दोषशोधनाचा आहे. म्हणजे 'अमुक वस्तु काय आहे?' असें विचारण्यापेक्षां 'अमुक ठिकाणीं काय बिघडलें आहे?' असें ही परीक्षा अधिक विचारते. हें आम्हीं आरंभीं ध्यानांत घेतलें असतें, तर आमचें शुल्क वांचलें असतें.

आमची चूक

वर्गांत आम्हीं वीस वर्षें घोकंपट्टीविरुद्ध बोलत आलों. परंतु स्वतः विद्यार्थी होतांच आम्हीं नेमकी तीच वाट धरली. सरावाच्या पुस्तकांतील शेंकडों प्रश्न व त्यांचीं उत्तरें आम्हीं पाठ केलीं. सात थरांचीं नांवें, पोर्टांचे आंकडे, संक्षेपांचे विस्तार, सर्व कांहीं जिव्हाग्रीं होतें. परीक्षेच्या पडद्यावर मात्र तेच प्रश्न दुसऱ्या वेषांत आले, आणि आम्हांस त्यांची ओळख पटेना. आम्हांस ६७१ गुण मिळाले.

त्यानंतर आठच दिवसांनीं शाळेच्या प्रयोगशाळेंतील सारें जाळें एकाएकीं बंद पडलें. एकाही संगणकास कांहीं उघडेना. स्विच नांवाच्या जोडणीच्या पेटीवरील सर्व दिवे एकदम व अखंड लुकलुकत होते. आम्हीं पेटी बंद करून पुन्हां चालू केली, संगणक तपासले, बाहेरची लाइन आणणाऱ्या माणसास दूरध्वनि केला. दोन तास गेले. शेवटीं नववींतील एक मुलगा टेबलाखालीं शिरला व एक एक तार हातानें चाचपीत चालला. थोड्या वेळानें तो म्हणाला, "सर, ही तार कोठेंच जात नाहीं. इथून निघते आणि इथेंच परत येते." झाडलोट करतांना कोणीतरी एक सुटी तार उचलून तिचीं दोन्हीं टोंकें त्याच स्विचमध्यें खोंचलीं होतीं. तार काढतांच जाळें सुरू झालें.

आतां यांतील खरी गोष्ट अशी कीं, अशा वेढ्यानें काय होतें याची व्याख्या आम्हांस तोंडपाठ होती. 'सर्वांस उद्देशून पाठविलेला निरोप वेढ्यांत सांपडला म्हणजे तो अखंड फिरत राहतो व जाळें गुदमरून जातें. हें टाळण्यासाठीं स्पॅनिंग ट्री ही योजना असते', हें वाक्य आम्हीं कित्येकदां लिहून काढलें होतें. आमच्या स्वस्त स्विचमध्यें ती योजना नव्हती. व्याख्या डोक्यांत होती आणि तार डोळ्यांसमोर होती. पण या दोहोंची गांठ पडली नाहीं. ज्या मुलास व्याख्या ठाऊक नव्हती, त्यानें तार धरून शेवटपर्यंत जाण्याचा साधा मार्ग पत्करला आणि तो बरोबर ठरला. त्या दिवशीं आम्हीं उत्तरांच्या वह्या बाजूस ठेवल्या आणि अभ्यास नव्यानें आरंभिला. तो कसा केला, तें आतां क्रमानें सांगतों.

पहिली पायरी : एका निरोपाचा प्रवास

सर्व अभ्यासाचा कणा म्हणून एकच प्रश्न घ्यावा : 'आपण प्रयोगशाळेंतील संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचें नांव लिहिलें, तर तें पान समोर येईपर्यंत काय काय घडतें?' या प्रश्नाचें उत्तर पहिल्या आठवड्यांत दहा ओळींत लिहावें, आणि दर आठवड्यास पुन्हां लिहावें. शेवटीं तें दहा पृष्ठांचें होईल, व तोंपर्यंत परीक्षेचा बराच मोठा भाग तयार झालेला असेल.

थोडक्यांत तो प्रवास असा : संगणक जाळ्यांत येतांच त्यास स्वतःचा पत्ता नसतो. तो 'मला कोणी पत्ता देईल काय?' अशी हांक सर्वांस उद्देशून मारतो. डीएचसीपी सेवक त्यास पत्ता देऊं करतो. संगणक तो मागून घेतो. आणि सेवक पोंच देतो. या चार पायऱ्यांचा क्रम ध्यानांत ठेवावा. नंतर संकेतस्थळाच्या नांवाचा आंकडी पत्ता पाहिजे. तो डीएनएस या यंत्रणेकडून ५३ क्रमांकाच्या पोर्टावर विचारला जातो. पत्ता मिळाल्यावर संगणक पाहतो कीं, हा पत्ता आपल्याच जाळ्यांतील आहे कीं बाहेरचा? बाहेरचा असल्यास निरोप वेशीवरील राउटराकडे द्यावयाचा असतो. त्यासाठीं राउटराच्या जोडणीवरील ४८ बिटांचा मॅक पत्ता लागतो. तो एआरपी या विचारपुशीनें मिळतो. मग स्विच मॅक पत्ता पाहून निरोप योग्य तारेवर सोडतो. राउटर वरचें पाकीट फोडून आयपी पत्ता पाहतो, निरोपाच्या आयुष्याच्या आंकड्यांतून एक वजा करतो, नवें पाकीट चढवितो आणि पुढच्या राउटराकडे रवाना करतो.

येथें दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या. पहिली : प्रत्येक राउटरास ओलांडतांना मॅक पत्ते बदलतात, पण ज्यास निरोप पोंचवावयाचा त्याचा आयपी पत्ता सामान्यतः तोच राहतो. पाठविणाऱ्याचा खासगी पत्ता मात्र वेशीवरील राउटर बदलून तेथें सार्वजनिक पत्ता घालतो. दुसरी : राउटरांमधून जाणाऱ्या निरोपास आयुष्याचा आंकडा असल्यामुळें तो वेढ्यांत सांपडला तरी अखेरीस नष्ट होतो, परंतु स्विचमधून जाणाऱ्या पाकिटावर असा आंकडाच नसतो. म्हणूनच आमच्या प्रयोगशाळेंतील तो वेढा आपोआप शमला नाहीं. एवढें एक कारण कळलें कीं, स्पॅनिंग ट्रीची गरज पाठ करावी लागत नाहीं. ती आपोआप ध्यानांत राहते.

सात थरांचें कोष्टकही याच प्रवासावर बसवावें. तार व दिवे हा पहिला थर. मॅक पत्ता व स्विच हा दुसरा. आयपी पत्ता व राउटर हा तिसरा. पोर्ट व पोंचपावती हा चौथा. आणि आपणांस दिसणारें काम सातवा. पांचवा व सहावा यांविषयीं थोडकेंच विचारलें जातें. थरांचीं नुसतीं नांवें म्हणून दाखविण्यांत अर्थ नाहीं; 'हा बिघाड कोणत्या थरावरचा?' असें प्रत्येक वेळीं स्वतःस विचारीत जावें.

दुसरी पायरी : पत्त्यांचें गणित

विद्यार्थी ज्या भागास सर्वांत अधिक भितात तो म्हणजे जाळ्याचे पोटभाग पाडण्याचें गणित. वस्तुतः त्यांत चौथीच्या बेरजेपलीकडे कांहीं नाहीं. आपल्या टपालखात्यानें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा आंकडी पिनकोड सुरू केला. ४११००१ हा आंकडा घ्या. पहिल्या तीन अंकांवरून पत्र पुण्याकडे जातें, आणि शेवटच्या तीन अंकांवरून तेथील टपालकचेरी कळते. आयपी पत्त्याचेही असेच दोन भाग असतात : पहिला जाळ्याचा, दुसरा त्या जाळ्यांतील संगणकाचा. फरक इतकाच कीं, पिनकोडांत तोड नेहमीं एकाच जागीं पडते, आणि आयपी पत्त्यांत ती कोठें पाडावयाची हें मास्क सांगतो.

जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो. म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. ते अपुरे पडूं लागल्यामुळें १२८ बिटांची नवी पद्धति निघाली; परंतु जुनी अद्याप सर्वत्र चालते, व गणित तिच्यावरच करावें लागतें. बत्तीस बिटांचे आठ-आठ बिटांचे चार गट पाडतात. प्रत्येक गटांतील बिटांच्या किंमती डावीकडून अशा : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ही ओळ रोज सकाळीं कोऱ्या कागदावर लिहावी. ७७ ही संख्या घ्या : ६४ आणि ८ आणि ४ आणि १ मिळून ७७, म्हणून ती ०१००११०१ अशी लिहिली जाईल.

आतां उदाहरण. आमच्या शाळेस १९२.१६८.१०.० हें जाळें आहे व त्यांत पहिले २४ बिट जाळ्याचे आहेत. त्याचे चार सारखे भाग पाडावयाचे आहेत : प्रयोगशाळा, कचेरी, वाचनालय व शिक्षकांची खोली. चार भागांसाठीं दोन बिट उसने घ्यावे लागतात, कारण दोनचा दुसरा घात चार. तेव्हां २४ चे २६ झाले आणि संगणकांसाठीं ६ बिट उरले. दोनचा सहावा घात ६४. म्हणून प्रत्येक भागांत ६४ पत्ते. भागांचे आरंभ ०, ६४, १२८ व १९२ येथें होतात. मास्काचा शेवटचा आंकडा १२८ आणि ६४ मिळून १९२. म्हणजे मास्क २५५.२५५.२५५.१९२. प्रत्येक भागांतील पहिला पत्ता त्या जाळ्याचें नांव म्हणून व शेवटचा सर्वांस हांक मारण्यासाठीं राखून ठेवलेला असतो. म्हणून वापरावयास ६२ उरतात.

आतां १९२.१६८.१०.७७ हा संगणक कोणत्या भागांतील? ७७ हा ६४ व १२७ यांच्यामध्यें येतो; म्हणून तो दुसऱ्या भागांतील. त्या भागांत वापरावयाचे पत्ते ६५ ते १२६ आणि सर्वांस हांक मारण्याचा पत्ता १२७. यावरून १९२.१६८.१०.१३० या संगणकाशीं त्यास थेट बोलतां येणार नाहीं, राउटरामार्फतच जावें लागेल, हेंही कळलें. विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण स्वतः सोडवावें : १७२.१६.५.२०० या पत्त्यांत पहिले २७ बिट जाळ्याचे असतील, तर वापरावयाचे पत्ते कोणते? उत्तर १७२.१६.५.१९३ ते १७२.१६.५.२२२ असें आलें पाहिजे. अशीं पांच उदाहरणें रोज, एक महिनाभर, कागदावर सोडवावीं. यंत्राची मदत घेऊं नये. परीक्षेच्या खोलींत तें यंत्र नसतें.

तिसरी पायरी : हातांनीं करणें

या विद्येंत हात आणि डोळे यांनीं शिकणें फार आवश्यक आहे. यासाठीं फार पैसा लागत नाहीं. 'पॅकेट ट्रेसर' नांवाचा सिस्को कंपनीचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्यांत संगणकाच्या पडद्यावर स्विच, राउटर व तारा मांडून खरें वाटावें असें जाळें चालवितां येतें. 'वायरशार्क' हा दुसरा विनामूल्य कार्यक्रम तारेवरून जाणारे निरोप उघडून दाखवितो. वर सांगितलेल्या डीएचसीपीच्या चार पायऱ्या त्यांत एकदां स्वतः पाहिल्या, कीं त्या विसरणें अशक्य होतें. मात्र हा प्रयोग आपल्या स्वतःच्या अथवा परवानगी मिळालेल्या जाळ्यावरच करावा. परक्याचें पत्र उघडून वाचणें हा जसा अपराध, तसाच हाही अपराध होय.

तारेच्या टोंकास कनेक्टर बसविणेंही शिकावें. टी-५६८-बी या पद्धतींत आठ तारांचा क्रम असा असतो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. आमच्या पहिल्या चार तारा वायां गेल्या; पांचवी चालली. तांब्याच्या अशा तारेची मर्यादा १०० मीटरांची आहे, हें पुस्तकांतील वाक्य, शाळेच्या दुसऱ्या टोंकाच्या इमारतीपर्यंत तार ओढतांना आम्हांस खऱ्या अर्थानें समजलें. बिनतारी जाळ्याचेंही तसेंच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत १, ६ व ११ हेच तीन मार्ग एकमेकांस अडथळा करीत नाहींत, असें पुस्तक सांगतें. भ्रमणध्वनींतील एखादा साधा कार्यक्रम घेऊन वस्तींत फिरून पाहा. शेजारच्या घरांतील पेट्या एकाच मार्गावर कशा खेटून बसल्या आहेत, तें दिसेल.

चौथी पायरी : दोष शोधणें

संस्थेनें दोषशोधनाच्या सात पायऱ्या ठरवून दिल्या आहेत : तक्रार नीट समजून घेणें, संभाव्य कारणाचा तर्क करणें, तो तर्क पडताळून पाहणें, उपायाची योजना आंखणें, ती अमलांत आणणें किंवा वरिष्ठांकडे सोंपविणें, सर्व कांहीं पूर्ववत् चालतें कीं नाहीं हें पाहणें, आणि घडलेलें लिहून ठेवणें. यांचा क्रम परीक्षेंत हमखास विचारला जातो. पण आमच्या मतें त्यांतील पहिली व शेवटची पायरी आयुष्यभर उपयोगी पडणारी आहे. प्रयोगशाळा बंद पडली त्या दिवशीं आम्हीं पहिली पायरी गाळून एकदम उपायांवर उडी मारली होती. 'आज येथें काय बदललें?' एवढेंही कोणास विचारलें नव्हतें.

साधा सराव असा करावा. जाळें चालत नसेल तेव्हां जवळून दूर जावें. प्रथम दिवा लागला आहे काय, तें पाहावें. मग १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यास पिंग ही हांक मारावी, मग राउटरास, मग बाहेरच्या एखाद्या आंकडी पत्त्यास, आणि शेवटीं नांवास. आंकड्यास उत्तर येतें आणि नांवास येत नाहीं, तर संशय डीएनएसवर घ्यावा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर त्यास डीएचसीपीकडून उत्तर मिळालें नाहीं, असें समजावें. ही युक्ति पाठ करण्याची नाहीं. ती निरोपाच्या प्रवासांतूनच निघते. मित्रानें मुद्दाम बिघाड करावा व आपण तो शोधावा, असा खेळ आमच्या प्रयोगशाळेंत शनिवारीं चालतो, आणि त्यासारखी दुसरी तयारी नाहीं.

भाषेची अडचण

ही परीक्षा मराठींत होत नाहीं. ती इंग्रजींत द्यावी लागते. पुष्कळ मुलें येथेंच खचतात. आमचा सल्ला असा कीं, समजून घेणें मराठींत करावें व नांवें इंग्रजींत राखावीं. गेटवे, सबनेट, फायरवॉल हे शब्द तसेच ठेवावे. परंतु ते काय करतात, हें आपल्या आईस किंवा धाकट्या भावास मराठींत सांगून पाहावें. सांगतां आलें नाहीं तर तें आपणांसच समजलेलें नाहीं. एका वहींत संक्षेप, त्याचा विस्तार व त्याचें मराठींतील काम अशा तीन रकान्यांत रोज दहा नोंदी कराव्या. शेवटच्या महिन्यांत मात्र इंग्रजी प्रश्न मोठ्यानें वाचण्याचा सराव करावा; 'सर्वांत आधीं', 'सर्वांत योग्य', 'याखेरीज' अशा अर्थाचे बारीक शब्द वाचतांना निसटतात, आणि उत्तर येत असूनही चुकतें.

वेळापत्रक व परीक्षेचा दिवस

रोज दीड तास आणि आठवड्यास सहा दिवस मिळत असतील, तर बारा आठवडे पुरतात. तीन आठवडे मूलभूत कल्पना व पत्त्यांचें गणित, दोन उभारणी, दोन देखभाल, दोन सुरक्षितता, दोन दोषशोधन आणि एक उजळणी. पोर्टांचे आंकडे मात्र पाठच केले पाहिजेत. घोकणें सर्वस्वी निषिद्ध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. २२, ५३, ८०, ४४३ हे आंकडे म्हणजे पाढे होत. पाढे पाठ असावे. पण पाढे म्हणजे गणित नव्हे.

परीक्षेच्या दिवशीं 'करून दाखवा' हे प्रश्न बहुधा आरंभींच येतात. त्यांत अडकल्यास खूण करून पुढें जावें व शेवटीं परत यावें. नव्वद प्रश्न आले तर प्रत्येकास एकच मिनिट पडतें, हें विसरूं नये. चुकीच्या उत्तरास गुण कापले जात नाहींत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडूं नये. पहिल्या वेळीं अपयश आलें तर दुसऱ्यांदा बसण्यास थांबावें लागत नाहीं; तिसऱ्या वेळेपूर्वीं मात्र १४ दिवस जावे लागतात. शुल्क मोठें आहे. म्हणून उतावीळपणा करूं नये.

एक इशारा

शेवटीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे. खऱ्या परीक्षेंतून चोरून आणलेले प्रश्न विकणारे लोक आहेत. आमचाच एक माजी विद्यार्थी असा गठ्ठा घेऊन एके सायंकाळीं आला व म्हणाला, "सर, वडिलांनीं उसनवार करून शुल्क भरलें आहे. नापास होऊन चालणार नाहीं." त्याची अडचण खरी होती, आणि तिला हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु असे प्रश्न वापरणें संस्थेच्या नियमांविरुद्ध आहे. तें उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होतें व पुढें परीक्षेस बसूं दिलें जात नाहीं. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें कीं, "समजा, कोणास कळलेंच नाहीं. प्रमाणपत्र मिळालें, काम मिळालें, आणि रात्रीं दोन वाजतां एखाद्या रुग्णालयाचें जाळें बंद पडलें. त्या वेळीं या गठ्ठ्यांतील कोणतें पान उघडशील?" तो बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याबरोबर कागदावर १२८, ६४, ३२ लिहूं लागला. त्यास बारा नव्हे, वीस आठवडे लागले. पण तो उत्तीर्ण झाला, आणि आज सुटींत आला म्हणजे आमच्या शनिवारच्या खेळांत मुलांसाठीं तोच बिघाड करून ठेवतो.

असो. परीक्षा ही कामाची वेस आहे, काम नव्हे. तींतून आंत गेल्यावर तुमच्यासमोर प्रश्नपत्रिका नसेल. असेल ती बंद पडलेली पेटी आणि वाट पाहणारीं माणसें. त्या वेळीं ज्यास तार हातीं धरून शेवटपर्यंत जाण्याची संवय आहे, तोच त्यांच्या उपयोगीं पडेल. ज्या विद्यार्थ्यांस या विषयाची गोडी असेल, त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत यावें. टेबलाखालीं शिरण्याची तयारी मात्र ठेवावी.